दर लिटरमागे

‘नोटीस’ एवढा एकच शब्द डेल्फिनानं मोठ्यानं वाचला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं तसं काही चुकलं नव्हतं. त्या सोडून आलेल्या बेटांवरच्या पोर्तुगीज बोलीत नोतीसिया म्हणजे बातमी. आणि सरकारी शिक्क्याच्या लांबट पाकिटातून आलेली, डेल्फिनानं सगळ्यांना मुलाम्याच्या टाक्यांपासून बोलावून, स्वतःचे हातमोजे काढून, वाचायला घेतलेली बातमी वाईट कशी असेल? तीया ग्रासिंदानं तर पहाटे उठून गोड पाव भाजून आणला होता. पॅकिंगच्या टेबलावर फडक्याखाली तो अजून कोमट होता, आणि कारखान्याच्या नेहमीच्या आंबूस, ओल्या लाकडाच्या वासातून त्यातल्या लिंबाच्या सालीचा वास वर येत होता. डेल्फिनानं नोटीस शब्दाच्या पुढे पाहिलं. उल्लंघनाची. ही उल्लंघनाची नोटीस होती. हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि तिथंच चिकटला, ओठांत धरलेल्या टाचणीसारखा. टाळ्या चालूच होत्या. “काय म्हणतायत गं?” तीया ग्रासिंदानं विचारलं. तीया म्हणजे मावशी. पण ती रक्ताची कुणाचीच नव्हती आणि चोवीस बायकांची होती. “वाच की पुढं. की एकटीच खूश होणारेस?” डेल्फिनानं कागदाची घडी घातली. “म्हणतायत, पत्र पोचलं की कळवा.” सगळ्या हसल्या. “अगं बाई, पत्र पोचलं का ते विचारायला दुसरं पत्र! यांना कामं नाहीत का गं?” पाव कापला गेला. डेल्फिनानं आपला तुकडा तोंडात टाकला आणि तो तिला चावता येईना. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला, आणि ती सगळ्यांकडे बघून मान हलवत राहिली, छान झालाय, छान झालाय म्हणून.

मग ती बायकांच्या न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि उभ्या उभ्या पूर्ण कागद वाचला. फार काही नव्हतंच. तारीख, कारखान्याचं नाव, परवान्याचा क्रमांक, नमुना घेणाऱ्याची सही. खाली तीन रकान्यांचा एक तक्ता. निकेल: मर्यादा, दर लिटरमागे तीन मिलिग्रॅम. आढळलं, दर लिटरमागे सहा. दर लिटरमागे. एकवीस वर्षं झाली होती तिला या देशात, प्रॉव्हिडन्सच्या याच वस्तीत. इथं दूध गॅलननं मिळतं, पेट्रोल गॅलननं मिळतं, घराला रंगसुद्धा गॅलननं लागतो. लिटरनं फक्त दोन गोष्टी मोजतात, कोलाची बाटली आणि विष. तिच्या मनात आलं, हा विनोद रेला सांगायला हवा, आणि त्याच क्षणी तिला आठवलं की कागदावरची सही रेचीच आहे. सांडपाणी आयोगाचा रेमंड ल्युसिए, जो दर तीन महिन्यांनी बर्फाची पेटी आणि चार बाटल्या घेऊन यायचा, गटाराच्या तोंडाशी गुडघ्यावर बसायचा आणि उठताना दर वेळी ‘आई गं’ म्हणायचा. या खेपेला तो आपणहून आला नव्हता. तिनं बोलावलं होतं त्याला. तिनं स्वतः फोन करून. “रे, ये ना, बघून जा. आम्ही काय केलंय ते बघ. तुझ्या जन्मात असा कारखाना पाहिला नसशील.” लेकराचा पहिला दात दाखवायला शेजारणीला हाक मारावी तशी तिनं हाक मारली होती. आणि तो आला होता, मनापासून बघितलंही होतं त्यानं, तीनही टाक्यांभोवती दोनदा फिरला होता, “शाबास, डेल” म्हणाला होता. आणि मग, बोलावल्यावर नमुना न घेता परतता येत नाही असा नियम आहे म्हणून, गटाराशी गुडघ्यावर बसला होता.

आता हे घडलं कसं, ते सांगायचं तर तिला कारखान्यापासून सुरुवात करता येत नसे. ते दुधापासून सुरू व्हायचं. लुझिया तीन महिन्यांची झाली आणि डेल्फिना कामावर परत आली तेव्हा याच न्हाणीघरात, याच कडीमागं, दिवसातून दोनदा ती काचेच्या बरणीत दूध पिळून काढायची. बाहेर रॅक आपटण्याचे, पाण्याचे आवाज, आणि आत ती भिंतीला टेकून, डोळे मिटून, लेकीचा चेहरा मनात आणायचा प्रयत्न करत. चेहरा आला की दूध सुटायचं. आधी हात तीनतीनदा धुवायचे, कारण मुलामा देणाऱ्या बायकांच्या बोटांना निकेलची खाज असते, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ, आणि ते लेकराच्या तोंडी जाऊ नये. एकदा बरणी कलंडली. फार नाही, दोन घोट असतील. ते पांढरं दूध फरशीच्या चिरेतून गटाराच्या जाळीकडे जाताना बघून ती अशी रडली होती, जशी बापाच्या आजारपणातही रडली नव्हती. डोळे पुसून बाहेर आली, आणि समोर निकेलच्या टाकीवरून रॅक उचलला जात होता. रॅक म्हणजे तारांचा सांगाडा, त्यावर शंभर शंभर कानातली टांगलेली. सोन्याचा पातळ हात फिरण्याआधी त्यांना निकेलमध्ये बुडवतात. रॅक वर आला आणि त्याच्या दर टोकातून थेंब गळायला लागले. हिरवेगार, पाचूसारखे. टाकीपासून धुण्याच्या टाकीपर्यंत चार पावलं, त्या चार पावलांत लाकडी फळ्यांवर हिरवी वाट पडलेली, आणि पुढे धुण्याच्या टाकीत नळ सुरू, दिवसभर, धबाबा. हिरवं पाणी फिकट होऊन थेट गटारात. अकरा वर्षं ती ते बघत होती. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा पाहिलं. छातीत अजून कळ होती, कपड्यावर ओला डाग होता, आणि तिला वाटलं, अरे, हे सांडतंय. रोज सांडतंय. कुणी रडत कसं नाही?

दुसऱ्या दिवशी तिनं, टाक्यांची मुकादम म्हणून, बायकांना सांगितलं, रॅक वर काढला की लगेच नेऊ नका, टाकीवरच धरा. “किती वेळ?” एकीनं विचारलं. घड्याळ लांब होतं आणि त्याचा काटाही अडकायचा. तीया ग्रासिंदा म्हणाली, “एक आव्हे मारिया होईस्तो.” म्हणजे मरियामातेची एक प्रार्थना, मनातल्या मनात, घाई न करता. तेच ठरलं. तिथून पुढं कारखान्यात रॅक वर यायचा आणि बाई थांबायची, ओठ हलायचे, आणि थेंब टाकीचे टाकीत परत जायचे. नवीन आलेल्या एका पोरीला प्रार्थना अर्धीच यायची. तिच्या रॅकमधून जास्त गळायचं. “पापी आहेस गं,” बायका म्हणायच्या, “तुझी फळी बघ किती हिरवी!” मग डेल्फिनानं धुण्याची एक टाकी होती तिथं तीन लहान टाक्या ओळीनं लावल्या. स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत बारीक धारेनं येणार, तिथून मधल्या टाकीत, तिथून पहिलीत. रॅक मात्र उलट दिशेनं जाणार. पहिल्या टाकीतलं पाणी हिरवं होई. ते फेकायचं नाही. निकेलची टाकी गरम असते, तिची वाफ होते, रोज ती चार बोटं उतरते. आधी त्यात नळाचं पाणी भरत, आता हे हिरवं पाणी परत, उरेल तेवढंच गटारात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षभर चुकत चुकत, पाटांसारख्या फळ्या बसवत, नळ्या जोडत, रविवारी स्वयंपाकघरात लुझियाला कडेवर घेऊन डब्याडब्यांतून पाणी ओतत ते जमलं होतं. आई ओरडायची, “माझी भांडी काय कारखान्याला आंदण दिलीस का?” पण जमलं. दिवसाला दहा हजार गॅलन पाणी लागायचं, ते हजारावर आलं. आधी दिवसाला पाऊण पौंड निकेलचं मीठ गटारात जायचं, आता पाव पौंडही जात नव्हतं. फक्त, जे जात होतं ते थोड्या पाण्यातून जात होतं. आधी लिटरमागे दोन, आता लिटरमागे सहा.

“बस,” पेट्रोका म्हणाला. कारखान्याचा मालक, बापाकडून आलेला कारखाना, बापाकडून आलेलीच खुर्ची, जिचा एक हात त्याच्या जन्माआधीपासून मोडलेला. त्याच्यासमोर त्याच कागदाची प्रत पडली होती. “तू त्याला फोन केलास?” “हो.” “तू. आपणहून.” “मला वाटलं, मिस्टर पेट्रोका…” “काय वाटलं? बक्षीस देतील? पोरी, पन्नास वर्षांत माझ्या बापानं आणि मी सरकारला एकदाही फोन केला नाही. घराला आग लागली तरी आधी शेजाऱ्याला हाक मारायची, हा आमचा धर्म.” मग तो थोडा वरमला, कारण डेल्फिना खाली बघत होती, आणि तो तिला पोरगी होती तेव्हापासून ओळखत होता. “हे बघ. आज दोन वाजता रे परत नमुना घ्यायला येतोय. तोही नमुना चुकला तर वर्षाअखेर पेपरात यादी येते त्यात आपलं नाव. कायदा मोडणाऱ्यांची यादी. अॅटलबरोचे दागिनेवाले ती यादी बघून काम देतात, ठाऊक आहे ना? त्यांचं काम गेलं की या बायका कुठं जातील, तूच सांग.” “आपण कमी टाकतोय, मिस्टर पेट्रोका. तिप्पट कमी.” “मला कळतंय.” “मग?” “मग काय? माझ्या कळण्याचा रकाना आहे का त्या कागदावर?” त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले. “नळ उघड. पूर्वीसारखा. आत्ताच उघड, म्हणजे दोनपर्यंत सगळं धुऊन निघेल.” मग तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, “परवान्यात जुनीच पद्धत लिहिली आहे. आपण काही वेगळं करत नाही.”

नळ भिंतीपाशी होता, लाल लोखंडी चाकाचा, दोन महिन्यांत कुणी हात न लावल्यानं गंजून बसलेला. डेल्फिनानं दोन्ही हातांनी धरून फिरवला. आधी चाक हललं नाही. तिला क्षणभर वाटलं, नाहीच हलणार, आणि जिवात जीव आला. मग ते कुरकुरलं आणि हललं. पाणी आधी तांबूस आलं, खोकत, मग स्वच्छ, मग धबाबा. तिच्या तीन टाक्या काठोकाठ भरल्या, फळ्यांवरून सांडल्या, पहिल्या टाकीतलं ते जपलेलं हिरवं पाणी फुगून वर आलं आणि कडेवरून गटाराच्या जाळीकडे पळालं. पळालंच. वाट चुकलेलं जनावर गोठा दिसल्यावर पळतं तसं. ती बघत उभी राहिली. तीया ग्रासिंदा रॅक हातात धरून तिच्या शेजारी आली. पाण्याच्या आवाजामुळं तिला ओरडून बोलावं लागलं. “हे काय गं? फुटलं काय?” “नाही, तीया. मी उघडला.” “का?” आणि मग डेल्फिनानं तिला सांगितलं, आधी दोन वाक्यांत, मग आणखी दोन, कारण पहिल्यांदा ते कुणालाच समजत नसे. तीया ग्रासिंदाला शाळा तिसरीपर्यंत. पण आयुष्यभर तिनं रस्सा केला होता. “म्हणजे,” ती म्हणाली, “मीठ जास्त पडलं तर त्यात विहीर ओतायची. मीठ काढायचं नाही.” “तसंच.” “आणि कमी मीठ घालणारणीला शिक्षा, कारण तिनं पाणीही कमी घातलं.” “हो, तीया.” तीया ग्रासिंदानं रॅककडे बघितलं, त्यातून थेंब गळत होते. “मग आम्ही दीड वर्ष मरियामातेचं नाव घेत उभ्या राहिलो, ती काय चोरी करत होतो?” एवढं विचारून ती रॅक घेऊन आपल्या टाकीकडे परत गेली.

नऊ ते दोन. पाच तास ती रॅक मोजत, कागद भरत, इकडून तिकडे फिरत होती आणि सगळा वेळ ते पाणी तिच्या कानांत होतं. पाण्यापाठोपाठ ती मनानं जात होती. गटारातून मोठ्या गटारात, तिथून शुद्धीकरण केंद्रात, जिथले जंतू मैला खातात, साबण खातात, पण निकेल कुणी खात नाही, तिथून खाडीत. खाडीत तिचा बाप तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायचा. लांब दांड्याचा पंजा होडीतून तळाशी सोडून, आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तसा तळ चाचपायचा. इथल्या तिसऱ्या मोठ्या, मुठीएवढ्या. बाप लसूण-मिरी घालून करायचा आणि पहिली शिंपली डेल्फिनाला द्यायचा. तो वरच्या खाडीत काढायचा. मग एक वर्ष वरच्या खाडीत पाट्या लागल्या, खणण्यास मनाई. तो खालच्या खाडीत गेला. मग पाऊस पडला की तिथंही मनाई. पाट्या त्याच्या मागे मागे आल्या. शेवटी शेवटी तो खिडकीत बसून भरती-ओहोटीची वेळ सांगायचा, कुणी विचारलं नाही तरी, आणि एकदा डेल्फिना कामावरून आली, तिच्या जोड्याच्या शिवणीत हिरवं सुकलेलं होतं, ते बघून म्हणाला, “हा रंग मला माहीत आहे.” एवढंच. त्यात आरोप नव्हता. तो आरोप करणाऱ्यांतला नव्हताच. पण ते वाक्य तिच्यात राहिलं, आणि तीन टाक्यांची रांग पहिल्यांदा चालली त्या दिवशी तिला कुणाला सांगावंसं वाटलं असेल तर त्याला. तोवर तो गेला होता. आता तिला वाटत होतं, बरं झालं. आज संध्याकाळी घरी जाऊन त्याला काय सांगितलं असतं? की बाबा, आज मी पुन्हा तीनपट सोडलं, आणि आज कायदा माझ्यावर खूश आहे? तिला राग येत होता, आणि राग कुणावर धरावा तेच कळत नव्हतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. पेट्रोका वाईट नव्हता. रे वाईट नव्हता. हा नियम ज्यांनी लिहिला तेही खाडी वाचवायलाच बसले असतील, कुठल्या तरी टेबलाभोवती, शुद्ध मनानं. त्यांनी पाइपचं तोंड बघितलं आणि तिथं पहारेकरी बसवला. पाइपच्या आत, मागं, जिथं बाई रॅक धरून उभी असते, तिथपर्यंत कुणी आलंच नाही. बाई तिथं असते हेच त्यांना माहीत नव्हतं. वाईट माणूस सापडला असता तर बरं झालं असतं; त्याच्या अंगावर तरी ओरडता आलं असतं.

रे दोनला पाच कमी असताना आला, बर्फाची पेटी घेऊन. जाळीशी गुडघ्यावर बसला, बाटल्या भरल्या, एक थेंब कागदाच्या पट्टीवर टाकला. निकेल असलं की पट्टी गुलाबी होते. ही अशी झाली की नीट बघितलं तरच गुलाबी. “आई गं,” म्हणत तो उठला. “उत्तम. लिटरमागे दोनच्या आत असणार. प्रयोगशाळा सांगेल, पण मी आत्ताच सांगतो, सुटलात.” पेट्रोकानं सुस्कारा सोडला. रेच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता, आणि तो बघून डेल्फिनाच्या तळव्यांना खाज सुटली. “रे,” ती म्हणाली, “एक विचारू? एक बादली पाण्यात मूठभर मीठ. आणि दुसरीकडे दहा बादल्यांत तीन मुठी. खारट कुठलं?” “पहिलं.” “दोन्ही खाडीत ओतल्यावर?” रेनं पेटीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. “डेल, मी काय मूर्ख आहे? मी वर दोनदा लिहिलंय. वरच्यांनी आणखी वर लिहिलं असेल. मला त्यांनी काय दिलंय? बाटली. बाटलीत लिटरच मावतो.” “मग आम्ही करायचं काय?” “शुद्धीकरणाचं यंत्र बसवा. ते पाण्यातलं निकेल काढून त्याचा चिखल करतं. चिखल पिंपात, पिंपं ट्रकवर.” “आणि ट्रक?” “दुसऱ्या राज्यात. खड्डा आहे तिथं, परवाना असलेला.” “म्हणजे मी जे टाकीत परत टाकते ते मी खड्ड्यात टाकायचं.” “कायद्यानं, हो.” “तीया ग्रासिंदानं ऐकलं तर ती तुला झाडूनं मारेल.” “ती मला तशीही मारेल,” रे म्हणाला. पेट्रोका हसला, आणि डेल्फिनाही हसली असती.

मग रेनं फॉर्म काढला. सुधारणा केल्याचा फॉर्म, ज्याच्या देखरेखीखाली सुधारणा झाली त्याच्या सहीचा, म्हणजे डेल्फिनाच्या. वर छापलेलं: खालील मजकूर सत्य आहे, असत्य लिहिल्यास शिक्षा होऊ शकते. खाली चौकट: उल्लंघन दूर करण्यासाठी काय उपाय केला. “लिही,” रे म्हणाला, “प्रक्रिया परवान्यातील मूळ स्वरूपात पुनःस्थापित केली. सगळे तेच लिहितात.” डेल्फिनानं पेन घेतलं. पेनाचं टोक कागदाला टेकलं आणि तिला स्वतःचं अक्षर दिसलं, जे अजून उमटायचं होतं. पुनःस्थापित. केवढा स्वच्छ शब्द. यात गंजलेलं चाक नव्हतं, फुगून पळालेलं हिरवं पाणी नव्हतं, पाऊण पौंड मीठ नव्हतं. याच्याखाली सही केली की सकाळपासून जे झालं ते झालंच नाही. तिनं मान वर केली. रॅक थांबले होते. बायका तिच्याकडे बघत होत्या, त्यांना इंग्रजी कागद कळत नव्हता, पण ती अडली आहे हे कळत होतं. तीया ग्रासिंदा हात पुसत दोन पावलं पुढं आली आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाली, “काय लिहायला सांगतोय तो?” “की सगळं ठीक केलं.” “केलंस का?” “नाही.” “मग?” डेल्फिना हळू म्हणाली, “खरं लिहिलं तर कारखाना अडचणीत येईल, तीया. तुम्ही सगळ्या.” तीया ग्रासिंदानं नाक मुरडलं. “याआधी चार कारखाने माझ्यादेखत बंद पडलेत. एकही खरं बोलल्यामुळं पडला नाही. लिही.”

तिनं लिहिलं. अक्षर लहान काढावं लागलं, चौकट छोटी होती. आज सकाळी नऊ वाजता मी नळ उघडला. कालपर्यंत या कारखान्यातून दिवसाला हजार गॅलन पाणी जात होतं आणि त्यात पाव पौंडाहून कमी निकेलचं मीठ होतं. आज दहा हजार गॅलन पाणी जाईल आणि त्यात पाऊण पौंड मीठ असेल. म्हणून आज आम्ही निर्दोष आहोत. डेल्फिना फुर्तादो.

रेनं वाचलं. त्याचे कान लाल झाले. “हे नको, डेल. अगं, पाणी घालून प्रमाण खाली आणणं हा गुन्हा आहे. वेगळं कलम आहे त्याला. हे तू स्वतःच्या हातानं कबूल करतेयस.” “मग सकाळी मी काय केलं?” “तू मूळ प्रक्रिया…” “रे. मी काय केलं?” पाण्याच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं तो म्हणाला, “पाणी घातलंस.” पेट्रोका टेबलाचा आधार घेऊन उभा होता. “फाड तो,” तो म्हणाला, रेला की तिला ते कळलं नाही. “दुसरा फॉर्म दे तिला, रे. गाडीत असेल.” “आहेत,” रे म्हणाला, आणि हलला नाही. “सही केलेला कागद नाकारता येत नाही ना तुम्हाला?” डेल्फिनानं विचारलं. हे तिला माहीत होतं. इतक्या वर्षांत त्याचे सगळे नियम तिनं त्याच्याच तोंडून ऐकले होते. “नाही,” रे म्हणाला. “नाही येत.” त्यानं खिशातून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली, आणि कागदावर उठवला. पोचला. तारीख, वेळ, दोन वाजून वीस मिनिटं. पेटी उचलताना तो तिच्याजवळ थांबला. “या चौकटीत कुणी काही लिहितं हेच मी पहिल्यांदा बघतोय. काय होईल मला खरंच माहीत नाही.” “मलाही नाही,” ती म्हणाली.

तो गेला. डेल्फिना भिंतीकडे गेली आणि चाक बंद करायला लागली. सकाळी ते मोकळं झालं होतं, आता सहज फिरत होतं. धार अर्धी झाली, मग दोरीएवढी, मग बारीक झाली आणि शेवटच्या टाकीत पडायला लागली, जेवढी पडायला हवी तेवढीच. पेट्रोका मागे येऊन उभा राहिला होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. “पोरी, मोठे लोक येतील आता,” तो म्हणाला. “वकील घेऊन येतील. आणि तुझं सगळं ऐकून घेऊन शेवटी म्हणतील, नळ उघडा.” “म्हणू देत.” “मग?” तिनं चाक शेवटचं एकदा आवळलं आणि बोटं पुसली. शब्द एकेक नीट येत होते. “मग त्यांना सांगा, चाक इथं आहे. डावीकडे फिरतं. फार जोर लागत नाही. सकाळी मला जमलं होतं.”